ब्रेकची काळी भुकटी

काल उतारावर आमची जुनी मोटारसायकल एका म्हशीपासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबली. म्हैस शांत होती. मागे बसलेली माझी बायको सुनीता मात्र उतरून चालू लागली. “ब्रेक नीट होईपर्यंत मी बसणार नाही.”

आज सकाळी युसूफ मेस्त्रींनी मागचं चाक उघडलं. ड्रममधली काळी भुकटी ओल्या फडक्यानं पुसून त्यांनी झिजलेले ब्रेक शू सुनीताच्या हातावर ठेवले. “वहिनी, इतकी वर्षं यांनीच थांबवलं तुम्हाला.”

दर रविवारी मी टाकी चमकवत होतो. आपण थांबतो कशाच्या जिवावर, हे कधी उघडून पाहिलं नव्हतं. ब्रेक दाबला की कुरकुर यायची, तिला मी गाडीचं वय म्हणायचो. घरातल्याही किती कुरकुरी अशाच वयावर ढकलल्या असतील!

नवे शू बसल्यावर ब्रेकचा नट सुनीतानंच पिळला.

“फार आवळू नका, चाक मोकळं फिरायला हवं,” मेस्त्री म्हणाले.

तिनं चाक फिरवून पाहिलं आणि माझ्याकडून किल्ली घेतली. उतारावर मागे बसून मी दोन्ही पाय जोरात फूटरेस्टवर दाबत होतो. वळणापाशी गाडी अलगद थांबवून ती मागे वळली.

“अहो, तिथे ब्रेक नाही,” ती हसत म्हणाली.