बापाचं गलबत मी आतून बांधलं

गोवा पोर्तुगिजांकडून सुटायला अजून तीनेक वर्षं होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीला थोरला भाऊ मुंबईहून आला, तो गलबताचा सौदा ठरवूनच. बाबांचं गलबत देवबागला खाडीच्या अंगाला दोन वर्षं कोरड्यावर पडून होतं. बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि त्या दिवसापासून गलबत पाण्यात उतरलं नव्हतं. भावाने गाठलेला माणूस ते फोडून त्याचं सागवान नेणार होता.

बाबांनी भावाचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोडूक बांधलंय काय मी ता?"

"बाबा, आतसून सगळा कुजलेला आसा. लोक आता लाँचीन नायतर लॉरीन माल धाडतत. तुमच्या गलबतार चढतलो कोण?"

"मी."

भाऊ हसला. मला हसू आलं नाही. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, गावच्या शाळेत मास्तरीण, नवऱ्याचं घर सोडून चार वर्षांपूर्वी परत आलेली. आता हिचं काही व्हायचं नाही, असं गावाने माझ्याबद्दल ठरवून टाकलेलं होतं. त्यामुळे एखाद्या गोष्टीचं आता काही व्हायचं नाही असं कुणी म्हटलं, की माझं डोकंच फिरायचं.

भाऊ परतल्यावर बाबांनी सुताराला बोलावलं. हाताचा पक्का म्हातारा. त्याने बाहेरून ठिकठिकाणी हातोडी मारून पाहिली. सागवान खणखणीत वाजलं. मग तो आत उतरला, आणि आतून जो आवाज आला तो ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा.

"भायरसून घट आसा, तांडेलानू," तो वर येऊन म्हणाला. "आतसून भुसो."

माल ठेवायच्या जागेच्या तळफळ्या बोटाने उकरता येत होत्या. गलबताच्या फासळ्यांपैकी सात खालच्या टोकाला कुजल्या होत्या. मागची तांडेलाची, म्हणजे गलबत चालवणाऱ्या बाबांची, खोली वाळवीने खाऊन नुसता रंग उभा ठेवला होता. सुताराने दोन दिवस काम केलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चहा घेऊन आत उतरले आणि एक फळी सुटत नव्हती म्हणून पटाशी उचलली. त्याने तिथल्या तिथे आपली हत्यारं गोळा केली.

"बाई मानूस हत्यार धरता त्या गलबतात मी काम करूचंय नाय."

"मगे जा," बाबा म्हणाले. तो खरंच गेला. बाबा माझ्याकडे वळले.

"आता गो?"

"आता तुमी सांगा, मी करतंय."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी लुगड्याचा कासोटा घट्ट मारून गलबताच्या पोटात उतरायची. बाबा पालथ्या टोपलीवर बसून डाव्या हाताने दाखवायचे. पहिला महिना नुसतं काढण्यातच गेला. भुसा, वाळवीची माती, जुन्या मिठाचे थर. आमच्या परसातल्या उंडीच्या वाकड्या फांद्या गड्याकडून तोडून घेतल्या आणि कुजलेल्या फासळ्यांना बाजूने जोड दिले. पहिला जोड मी पाच वेळा तासला. पाचव्यांदाही फट राहिली तेव्हा बाबा म्हणाले, "परत." मी रडले आणि परत तासला. तळहाताला घट्टे पडले. विहिरीवर एक बाई म्हणाली, "मास्तरीण सुतारीण झाली." मी म्हटलं, "झालंय. तुझा दार कुरकुरता मां? येवन बसवन दितंय." नंतर तिने खरंच बोलावलं.

होळीपर्यंत तळ झाला. मग मागची खोली घेतली. बाबांसाठी झोपायचा बाक ठोकला आणि समोर दुसऱ्या बाकाची मापं घ्यायला लागले.

"ह्यो कोणाक?"

"माका."

"तू दर्यार येवचंस नाय."

मला वाटलं, थट्टा करतायत. तोंड बघितलं तर थट्टा नव्हती. "लोक काय म्हणतले?" ते म्हणाले. "बाई मानूस गलबतार?"

"गेले चार महिने हयसर कोण होता, बाबा? लोक काय म्हणतत ता तेव्हा नाय आठावला?"

"काम येगळा, दर्यो येगळो."

मी करवत खाली ठेवली. "मगे उरलेला तुमी करा," म्हटलं आणि घरी आले. आठ दिवस तिकडे फिरकले नाही. जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. तेही बोलले नाहीत. सकाळी काठी टेकत गलबताकडे जायचे आणि जेवणाला परत यायचे. डाव्या हाताचा अंगठा चिंधीत गुंडाळलेला दिसला, तरी मी विचारलं नाही.

नवव्या दिवशी ते ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "किती लांब व्हयो तुका बाक?"

मी जाऊन पाहिलं. दुसऱ्या बाकाची एकच फळी ठोकली होती, तीही तिरकी, आठ खिळ्यांतले पाच वाकलेले. मी ती काढली नाही. बाकी बाक तिच्या तिरकसपणाला जुळवून घेत बांधला.

वैशाखातल्या उधाणाच्या भरतीला गलबत पाण्यात ढकललं. गावातले आम्हाला हसणारेही दोराला लागले, हे सांगायला हवं. पहिल्या दिवशी आत घोट्याएवढं पाणी भरलं. माझा धीर सुटला. बाबा म्हणाले, "लाकडाक तान लागल्या. पिवंदे." तिसऱ्या दिवशी फळ्या फुगून फटी बुजल्या आणि पाणी यायचं थांबलं.

कौलं आणि नारळ घेऊन आम्ही देवगडला निघालो. बाबा, मी आणि त्यांचे दोन जुने खलाशी. तिसरा मी आहे म्हणून आला नाही. मालवण मागे पडेपर्यंत मी तीनदा ओकले. बाबांनी डाव्या हाताने सुकाणू धरलं होतं आणि ते मुळीच माझ्याकडे बघत नव्हते. त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

देवगड बंदरावर कारकुनाने कागद पुढे ओढून विचारलं, "ह्या बाई कोण?"

"सुतार," बाबा म्हणाले.

कारकुनाने ‘प्रवासी’ लिहायला घेतलं. मी म्हटलं, "प्रवासी नाही. मी गलबतावर काम करते. तसं लिहा."

"तशी पद्धत नाही, बाई."

"मग आजपासून पाडा."

त्याने लेखणी उचलली आणि तो रकाना कोरा सोडला. मला चालला. खोटं लिहिण्यापेक्षा कोरा बरा.

पुढची पाच वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या गलबतावर होते. सहाव्या वर्षी बाबांना शिडी चढवेना. मी दोन्ही खलाशांना घरी बोलावलं आणि सरळ विचारलं, "माझ्या हाताखाली येतल्यात?" एक जण उठून गेला. दुसरा सुपारी कातरत बसून राहिला, मग म्हणाला, "निघूचा कधी?"

आतल्या खोलीत बाबा सगळं ऐकत होते. त्या वैशाखात देवबागच्या खाडीच्या तोंडातून गलबत बाहेर पडलं तेव्हा सुकाणूवर मी होते.