चुकलेल्या पत्त्यावरचा प्रसाद

देवावर माझी श्रद्धा होती, पण शिट्टीवर जास्त होती, हे आधीच कबूल करते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या टेकडीला टेकून आमची बैठी चाळ. शेजारच्या वस्तीवर दरड आली, तेव्हा आम्ही बायकांनी बचाव पथक काढलं. मी प्रमुख. नियम सोपा होता: तीन शिट्ट्या ऐकल्या की घर सोडून खालच्या शाळेत जायचं. पहिल्या सरावाला मी जीव तोडून तीन शिट्ट्या फुंकल्या. एकही बाई बाहेर आली नाही. घराघरांतून स्टो मात्र बंद झाले.

"अगं, मला वाटलं डाळ शिजली!" शेजारची सुमन म्हणाली.

"चार कर ना मग शिट्ट्या," बाकीच्या म्हणाल्या. मी ऐकलं नाही. नियम म्हणजे नियम.

श्रावणात एका सकाळी शेवटच्या रांगेमागून गढूळ पाणी फुटलं आणि दगड सुटायला लागले. त्या रांगेत सहा खोल्या, त्यांतली एक माझी, आत सासूबाई. मी शिट्टी फुंकली. सहाही स्टो बंद झाले, दारं उघडली नाहीत. माझं ओरडणं पत्र्यावरच्या पावसात बुडालं. घरात धावले, तर सासूबाई पाटावरून हलेनात. "ह्या पावसात माका खंय न्हेतस? तुझी शिट्टी तूच खा." दारात येऊन मी देवाला म्हटलं, आता तूच बघ. भक्तीने नव्हे, वैतागून.

गल्लीच्या तोंडाशी एक अनोळखी गृहस्थ दिसले. डोक्यावर छत्री, काखेत झाकलेलं पातेलं.

"सत्यनारायण कोणाकडे हो?"

आमच्याकडे कोणाचीच पूजा नव्हती. मी किंचाळले, "वर येऊ नका! खाली शाळेत जा!"

त्यांनी मान डोलावली, वळले, आणि पाऊस मागे पडेल अशा खणखणीत आवाजात चाळीला सांगत निघाले, "सत्यनारायणाचा प्रसाद शाळेत आहे होऽ!"

बाकीची पाचही दारं उघडली. बायका, पोरं, रात्रपाळी करून झोपलेले पुरुष, सगळे वाट्या घेऊन बाहेर. सासूबाई माझ्यापुढे. "पर्सादाक नाय म्हणतत काय गो कोण?"

शाळेत शिरा वाटणं सुरू होतं, तेव्हा दरड खाली आली. सहा खोल्या गेल्या. माणूस एकही गेलं नाही. कोणी रडत होतं, कोणी नुसतंच वाटी धरून उभं होतं. सासूबाई तेवढ्यातही म्हणाल्या, "केळां कमी घातल्यांनी."

गृहस्थ रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिले. "आता यजमानांना काय सांगू?"

"सांगा, पूजा पावली," मी म्हटलं. नाव विचारायच्या आत ते गेले.

ते देव होते असं मी म्हणत नाही. पत्ता चुकलेले गृहस्थ होते. पत्ता कोणी चुकवला, यावर मी वाद घालत नाही. त्या संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर हात जोडले. एरवी देवाकडे मागताना कसं द्यावं तेही मी सुचवते. त्या दिवशी काही मागितलं नाही, सुचवलं तर नाहीच.