दोनदा एंटर

वजनकाट्याच्या खोलीत बसणाऱ्या त्या माणसाला सगळे ड्रायव्हर सम्राट म्हणत, आणि त्यात प्रेम औषधालाही नव्हतं. ट्रक काट्यावर चार बोटं तिरका उभा राहिला तरी हा खिडकीतून हात हलवायचा. "पुन्हा घे." दुसऱ्यांदा तिरका आला की खिडकीच बंद. भंगाराच्या त्या आवारात लोखंड आत यायचं, लोखंड बाहेर जायचं, आणि याची वजनाची चिठ्ठी निघाल्याशिवाय फाटक उघडत नसे. बादशाही त्याचीच. फक्त दुपारी दोनपर्यंत.

दोनला त्याचा साडू यायचा. बायका सख्ख्या बहिणी. हा थोरलीचा नवरा, तो धाकटीचा. त्याला गोड्या म्हणत, कारण ज्याला चिमटा काढला त्यानंच याला चहा पाजावा असं त्याचं बोलणं. दोघांची खुर्ची एक, कॉम्प्युटर एक, आणि नऊ वर्षं एकमेकांशी शब्द नाही.

झालं होतं असं, की सम्राटानं एकदा रिकाम्या ट्रकचं वजन ड्रायव्हर आणि तीन हमाल आत बसलेले असताना घेतलं. गोड्यानं ते मॅनेजरच्या कानावर घातलं. सम्राट मुख्य काटेवाला व्हायचा होता, ते राहूनच गेलं. घरी बायको म्हणाली, "चुकलं म्हणा आणि मोकळे व्हा." हा म्हणाला, "माझं काय चुकलं? ते चौघे आडदांड होते त्याला मी काय करू?"

बोलणं तुटलं, पण डाव तुटला नाही.

डाव त्या कॉम्प्युटरमध्ये होता. त्याच्याही दोन वर्षं आधी, भाऊ-भाऊ करत होते तेव्हा मांडलेला. काळ्या पडद्यावर चांदण्या. एकेक ग्रह घ्यायचा, त्यावर माणसं वसवायची, कारखाने उभे करायचे, जहाजं बांधायची आणि समोरच्याला नामशेष करायचं. खेळी आळीपाळीची. दुपारी कामाची पाळी संपताना सम्राट आपली खेळी करून एंटर दाबायचा आणि उठायचा. गोड्या बसून त्याची खेळी करायचा, ती याला सकाळी मिळायची. दिवसाला एक खेळी प्रत्येकी.

ग्रहांना नावं आपल्या मनाची देता येत. तेवढीच काय ती बोलाचाली. गोड्यानं एका ग्रहाला 'चौघांचं वजन' नाव दिलं. सम्राटानं शेजारचा ग्रह जिंकून त्याचं 'चुगलखोर' केलं. धाकटीचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात सम्राटाचा एक ओसाड ग्रह 'कशी आहे' झाला, दुसऱ्या दिवशी गोड्याचा 'बरी'. तिसऱ्या दिवशी दोघांनी आपापली जुनी नावं परत घातली.

बुधवारी मॅनेजर येऊन म्हणाला, "शनिवारी नवीन कॉम्प्युटर येतोय. हा डबा भंगारात."

तो जाताच सम्राटानं डाव उघडला. त्याचा ताफा तीन महिने लपतछपत गोड्याच्या राजधानीकडे निघाला होता. त्यानं बोटावर दिवस मोजले. शुक्रवारी दारात, शनिवारी सकाळी हल्ला. अकरा वर्षांचा डाव आणि हातात एक सकाळ. डावाचा नियम असा, की ताफा दारात आला की समोरच्याला बचावाची एक खेळी मिळते. मिळू दे. एका खेळीत तो काय किल्ला बांधणार आहे?

शुक्रवारी दोनला दहा मिनिटं कमी असताना त्यानं ताफा राजधानीवर नेऊन उभा केला. तेवढ्यात बाहेर ट्रकनं हॉर्न मारला. वीस वर्षं ट्रक आला की या माणसाचं बोट दोनदा पडत आलेलं: पहिला एंटर वजन धरायला, दुसरा चिठ्ठी काढायला. हॉर्न ऐकला आणि बोटानं आपलं काम केलं. दोनदा.

पहिल्या एंटरला त्याची खेळी संपली. दुसऱ्याला गोड्याची, न खेळताच.

पडदा पुन्हा सम्राटापुढे. राजधानी उघडी, पहारा शून्य. खाली प्रश्न: हल्ला करायचा? मागे जायची सोय नव्हती. डाव प्रत्येक खेळीला मागचं पुसून पुढचं साठवायचा.

सम्राटानं ट्रकची चिठ्ठी काढून दिली आणि परत पडद्याकडे पाहिलं. एक बोट. गोड्याला जन्मात कळलं नसतं? कळलं असतं. खेळ्यांचा आकडा कोपऱ्यात लिहिलेला असतो, आणि तो हरामखोर आकड्यांचा पक्का. सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरला असता, चोरून जिंकला म्हणून. आणि ते खरं असतं, हे जास्त झोंबत होतं.

हल्ला न करताच त्यानं खेळी सोडून दिली. एंटर एकदाच, बोट उचलून धरत.

गोड्या आत आला, जेवणाचा डबा ठेवला, खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभा राहिला.

"तुझी खेळी माझ्या हातून गेली," सम्राट म्हणाला.

गोड्यानं मागे वळून दाराकडे पाहिलं. "कोणाशी बोलताय?"

"तुझ्याशी. दोनदा दाबलं गेलं. माझी एक मी सोडली, आता तू खेळ."

गोड्या वाकून पडद्याजवळ गेला. दारातला ताफा पाहिला, कोपऱ्यातला आकडा पाहिला. "मारायचं होतं की मग."

"आणि तू जन्मभर बोंबलत बसला असतास."

"बसलोच असतो." गोड्या सरळ झाला. "म्हणजे चुकलं म्हणा तुमचं."

सम्राटानं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "चुकलं."

"अरे वा. हा शब्द येतो तुम्हाला. नऊ वर्षांपूर्वी आला असता तर मॅनेजरकडे जायची माझी चक्कर वाचली असती."

"तू तरीही गेला असतास, नीच माणसा."

"ते आता कसं सांगणार, साडूभाऊ," म्हणत गोड्या खुर्चीत बसला आणि बाह्या वर केल्या.

शनिवारी सकाळी सम्राटानं डाव उघडला. त्याचा ताफा जळून राख झाला होता. मिळालेल्या त्या एका खेळीत गोड्यानं चारी दिशांची जहाजं राजधानीवर बोलावून घेतली होती, आणि राजधानीचं नवं नाव ठेवलं होतं: 'दोनदा एंटर'. सम्राटानं शिव्या घातल्या त्या काट्यावरच्या ड्रायव्हरला स्वतःलाच वाटल्या.

दोनच्या सुमाराला नवीन कॉम्प्युटर लागला. मॅनेजरनं जुना डबा उचलून काट्यावर उभ्या असलेल्या भंगाराच्या ट्रकात फेकला. नव्या पडद्यावरचा वजनाचा आकडा हललासुद्धा नाही.

"अकरा वर्षांचं साम्राज्य," गोड्या मागून म्हणाला. "काट्याला पत्ताही नाही."

"काटा वीस किलोच्या खालचं मोजत नाही. एवढं तरी शिक आता."

"ड्रायव्हर आत बसलाय तुमचा."

सम्राटानं खिडकी उघडली. "उतर खाली." मग एंटर दाबला, वजन धरलं गेलं का पाहिलं, आणि बोट हवेतच धरलं.

"दाबा की दुसरा."

"तुला विचारलं कोणी?" सम्राट म्हणाला, आणि दाबला.