अक्काने पास केलेला लॉट

आमच्या कारखान्यात वापरलेलं प्लास्टिक येतं आणि त्याचे दाणे होऊन बाहेर जातात. त्यातल्या काही दाण्यांच्या पुन्हा दुधाच्या बाटल्या होतात, असं सांगितलं की लोक नाक मुरडतात. माझ्या व्याह्यांनी तर चारचौघांत विचारलं होतं, "म्हणजे उकिरडा वितळवून त्यात दूध भरता काय हो?" मी हिशेब खात्यातला माणूस, रसायनं मला कळत नाहीत. पण इतकी वर्षं त्याच आवारात काढल्यावर एवढं समजलं, की सगळं मूळ मालावर असतं. नुसत्या दुधा-तेलाच्या बाटल्या निवडल्या, धुतल्या, नीट तापवल्या, तपासल्या, तर त्यांच्या नव्या बाटल्यांत वावगं काही नसतं.

अडचण वेगळीच असते. रिकामी बाटली लोक लगेच टाकत नाहीत. तिच्यात रॉकेल भरतात, थिनर भरतात, ढेकणांचं औषध भरतात. ते प्लास्टिकमध्ये मुरतं. मग बाटली भंगारात येते, वरून दुधाचीच दिसते आणि दुधाच्या ढिगात बसते.

अशी बाटली सरकत्या पट्ट्यावरून उचलून बाजूला टाकणं हे अक्काचं काम.

अक्का म्हणजे उंच, हाडकुळी, तोंडाची फटकळ. नवरा लवकर गेला, दोन्ही मुलींना तिने या पट्ट्यावर उभं राहून शिकवलं आणि उजवलं. बाटली हातात आली की ती अंगठ्याने बूच उडवायची, बाटली नाकाशी नेऊन किंचित दाबायची, आतली हवा घ्यायची आणि बाटली उजवीकडे किंवा डावीकडे फेकायची. उजवीकडे दूध, डावीकडे बादल्या; त्या आमच्याच आवारातल्या यंत्रावर निघायच्या. हे सगळं इतक्या चपळाईने व्हायचं, की नवख्याला वाटावं ती नुसत्या बाटल्या फेकते आहे. कामावर येताना ती कांदा खात नसे, वासाचं तेल लावत नसे. मुकादम विडी ओढून जवळ आला की ओरडायची, "आधी चूळ भरून या! तुमच्यापायी अख्खा ढीग डावीकडे जाईल."

पाहुणे आले की साहेब त्यांना हमखास तिच्यापाशी आणायचे. "हे आमचं सगळ्यात भारी यंत्र. याला वीज लागत नाही."

"पण चहा लागतो," अक्का मान वर न करता म्हणायची.

तिचं आणि तिच्यामुळे सगळ्यांचंच एक मत होतं. वास गेला की विष गेलं, आणि जे काही उरलं असेल ते भट्टीत जळून जातं. लॅबमध्ये नवीन आलेली मुलगी तिला सांगायची, "अक्का, उष्णतेने जंतू मरतात. रॉकेल म्हणजे जंतू नव्हे. आणि काही औषधांना तर वासच नसतो."

"अगं, तुझं वय नाही तितकी वर्षं मी इथे बाटल्या हुंगतेय," अक्का म्हणायची, आणि पट्टा हसायचा. लॅबवालीसुद्धा हसायची.

एकदा साथीच्या तापाने अक्का बरेच दिवस घरी होती. परतली तेव्हा गाल बसले होते, पण हात तोच होता. उजवीकडे, डावीकडे. कोणाला काही जाणवलं नाही. जाणवलं ते तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या तिच्या भावजयीला. धाकट्या भावाची ही बायको. तिला अक्कानेच इथे चिकटवलं होतं. पुढचं मला तिनेच सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत दोघी डबे उघडून बसल्या होत्या.

"वन्सं, ही भाजी आंबलीय की!"

"कुठे? चांगली तर आहे."

"चांगली काय? मला इथवर वास येतोय."

अक्काचा घास हातातच राहिला. तिने डबा नाकाशी नेला, खाली ठेवला आणि झाकण लावलं.

"कधीपासून?" भावजयीने विचारलं.

"तापापासून. येईल परत. तू जेव गप."

"अहो, साहेबांना सांगा."

"काय सांगू? मला इथे नाकासाठी ठेवलंय, रूपासाठी नाही."

"रूपासाठी ठेवायचं असतं तर मलाच ठेवलं असतं," भावजय म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसता हसता अक्काने डोळे पुसले.

त्या दिवसापासून बाटली अक्का उचलायची आणि हुंगायची भावजय. भावजयीच्या कोपराचा धक्का लागला की अक्का ती डावीकडे फेकायची. लांबून पाहणाऱ्याला पूर्वीचीच अक्का दिसायची. हे बरेच दिवस बिनबोभाट चाललं. मग बादल्यांच्या यंत्रावर माणसं कमी पडली आणि मुकादमाने भावजयीला तिकडे नेलं.

जाताना भावजय म्हणाली, "आता तरी सांगा, वन्सं."

"बघते," अक्का म्हणाली.

तिने सांगितलं नाही. नजरेने निवडायला लागली. डाग दिसला, पिवळट दिसली, की डावीकडे. पण रॉकेलची बाटली डागाळलेली असतेच असं नाही. नीट धुतलेली, पांढरीशुभ्र असू शकते.

एका सकाळी दुधाच्या दाण्यांचा एक लॉट गाडीत चढवायचा होता आणि तो अडला. माल जाणार की नाही हे कळल्याशिवाय मला बिल करता येईना, म्हणून मी खाली गेलो. साहेब, लॅबवाली आणि मुकादम पोत्यांपाशी उभे होते.

"सर, तपासणीत काहीतरी आलंय," लॅबवाली सांगत होती. "रॉकेलसारखं. मी पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तेच आलं."

"अक्काच्या हाताखालून रॉकेल जाईल?" साहेब म्हणाले. "हातावर चार दाणे घेऊन सांगेल ती. यंत्र बिघडलं असेल तुझं. बोलवा तिला."

अक्का पट्ट्यावरून हात पुसत आली. साहेबांनी पोत्याचं तोंड उघडलं.

"बघ आणि सांग. पाठवू का थांबवू?"

अक्काने ओंजळभर दाणे घेतले. सवयीने डोळे मिटले, मान खाली केली. पट्टा थांबला होता, सगळ्या बायका बघत होत्या. तिने डोळे उघडले.

"पाठवा," ती म्हणाली.

साहेब लॅबवालीकडे वळले. "झालं समाधान? कर सही."

"मी सही नाही करणार, सर."

"मग उद्यापासून येऊ नकोस. कालची पोर आणि अक्काला खोटं पाडायला निघालीय!"

लॅबवाली जागची हलली नाही. तेवढ्यात बादल्यांची ढकलगाडी घेऊन अक्काची भावजय तिथून चालली होती. ती थांबली. आवाज न चढवता एवढंच म्हणाली, "वन्सं."

अक्काच्या ओंजळीत दाणे तसेच होते. ते तिने पोत्यात परत ओतले. काही तळव्याला चिकटले होते, ते एकेक करून झटकले.

"साहेब, माझं नाक गेलंय. तापात गेलं ते आलंच नाही. पोरीला बोलू नका."

साहेबांना आधी चेष्टाच वाटली. मग त्यांनी मुकादमाला रॉकेलची बाटली आणायला लावली आणि बूच काढून स्वतःच्या हाताने अक्काच्या नाकाखाली धरली. बाकीच्या बायकांनी तोंडं फिरवली. अक्का नुसती उभी राहिली. वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी, हात बाजूला सोडून.

लॉट दुधाला गेला नाही. आधीचे लॉट तपासणीत ठीक निघाले होते, त्यावर सगळ्यांनी सुस्कारा टाकला. या लॉटचं काय करायचं ते साहेबांनी तिथल्या तिथे ठरवलं. "बादल्यांना लावा. बादलीत कोण जेवतंय?" त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. दाण्यांत लाल रंग मिसळला आणि माल यंत्राला लागला. अक्कालाही त्याच यंत्रावर पाठवलं, कारण तिथे नाक लागत नाही. तिचा पहिला आठवडा तोच लॉट यंत्राच्या तोंडात ओतण्यात गेला.

पट्ट्यावरच्या तिच्या जागी साहेबांनी भावजयीला उभं केलं. लॅबवाली म्हणाली, "सर, नाकाच्या भरवशावर कशाला राहायचं? प्रत्येक पोत्यातला नमुना मला द्या." साहेब म्हणाले, "घरातलंच नाक आहे, बघू." पाहुणे आले की ते पूर्वीसारखेच तिथे थांबायला लागले. मात्र चहाचं कोणी बोलत नसे.

नणंद-भावजय एकाच गल्लीतून येत, पण आता वेगवेगळ्या. भावजयीने एकदा मला विचारलं, "भाऊ, मी फक्त हाक मारली ना? दुसरं काही बोलले का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "तरी त्यांना मीच बोलल्यासारखं वाटतं."

अक्का फार दिवस टिकली नाही, वर्षाच्या आतच काम सोडलं. शेवटच्या दिवशी गेटपाशी भेटली. सोडण्याचं कारण मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं.

तिच्या समोरच्या खोलीतली शेजारीण त्या आठवड्यात गल्लीच्या नळावर एक नवी बादली धूत होती. लाल, झाकणाची. हीच बाई आमच्या दाण्यांच्या बाटलीतलं दूध कधी घरात आणत नसे. "कचऱ्यातलं प्लास्टिक ते, नातीला कशी देऊ?" म्हणायची. अक्काने बादलीची कड हाताने चाचपली. हा साचा रोज तिच्यासमोर उघडत होता.

"हिच्यात काय ठेवणार गं?"

"प्यायचं पाणी. जुना माठ फुटला."

"प्यायचं नको. धुण्याला घे, अंघोळीला घे. आमच्याकडची आहे ही."

"मग काय झालं? कोरी करकरीत आहे." शेजारणीने बादली पालथी करून तळ दाखवला. "हे बघ, बाणांचा त्रिकोण. चांगल्या मालावर असतो तो."

"तो प्लास्टिकची जात सांगतो. त्याच्यात आधी काय भरलेलं होतं ते नाही सांगत. अगं, ऐक माझं, रॉकेल आहे हिच्यात."

शेजारणीने तोंड बादलीत घातलं, दोनदा लांब श्वास घेतला आणि वर बघितलं.

"छे! काहीच नाही. तुला येतोय वास?"

अक्काने बादलीच्या कडेवरचा हात काढून घेतला.

"अगं बाई, विसरलेच! तुझं नाक गेलं नाही का? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उलट दयाच होती. "मग तुला कसं कळणार? उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

तिने बादली नळाखाली लावली. भरल्यावर झाकण दाबून बसवलं, उचलून घरात नेली, चुलीजवळच्या पाटावर ठेवली आणि वर एक फुलपात्र पालथं घातलं. अक्का आपल्या दारातून बघत होती, कोणी फुलपात्र उचलतंय का.