दहाव्याचा माईक

माझा आवाज चांगला आहे, हे बारामती आणि इंदापूर तालुक्यात कुणीतरी पसरवलं आणि माझ्या सकाळी माझ्या राहिल्या नाहीत. आमच्याकडे दहाव्याला कावळा शिवला की श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. पुढाऱ्यांची नावं मानपान सांभाळून पुकारायला कुणीतरी लागतं. तो मी. एखादं नाव मागं राहिलं तर गेलेल्या माणसापेक्षा त्याचंच दुःख लोकांना जास्त होतं.

मध्येच वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बारामतीच्या बाईंनी मला बजावलं होतं, "रोज सकाळी चहा झाला की समोर बसा, त्यांना बोलतं करा. दुपारी ते थकतात. हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका." दहावेही नेमके सकाळीच असतात.

मी कारणं सांगून पाहिली. उसाला तोड आलीय म्हटलं, तर फडावर माणूस उभा करतो म्हणाले. गाडी बिघडलीय म्हटलं, तर दारात जीप. कारण दिलं की समोरचा ते सोडवायलाच बसतो. वडिलांचं सांगितलं, तर "आर्ध्या तासात सोडतो की" म्हणायचे आणि मी उन्हं तापल्यावर परतायचो. तोवर वडील खुर्चीतच झोपलेले असायचे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. लोकांचा राग यायचाच, स्वतःचा त्याहून जास्त यायचा.

वडील कसंबसं "मा" म्हणायला लागले होते. मग लागोपाठ दहावे आले आणि तेही बंद पडलं.

त्याच आठवड्यात वरकुट्याहून आईच्या चुलतभावाचा, म्हणजे माझ्या मामाचाच फोन आला. वडील आजारी पडल्यापासून ते एकदाही इकडं फिरकले नव्हते.

"परवा आमच्या भावकीत दहावा हाय. लवकर ये."

"मामा, मला जमायचं न्हाय."

"का रं?"

या वेळी मी कारण दिलं नाही. "न्हाय जमायचं," एवढंच पुन्हा म्हणालो.

मामा म्हणाले, "उद्या तुझ्या बापाच्या दहाव्याला कोन यील, त्येचा इचार केलास का?"

वडील समोरच बसले होते. फोन स्पीकरवर होता. माझं डोकं फिरलं.

"त्यांच्या दहाव्याला कुनी येऊ नगा, मामा. ते आजून जित्तं हायत. यायचं आसंल तर आत्ता या."