तोफ ऐकू येते ना?

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाने कानाची तक्रार करू नये. लष्कराचा सराव चालू असला की पलीकडच्या माळावर तोफा धडाडतात, आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि पाहुणे चहा सांडतात. आम्ही सांडत नाही. कान वाजले, दडे बसले, डोकं भणभणलं, की इथे एकच निदान: "फायरिंग चालूये." ते करायला डॉक्टर लागत नाही, शेजारीण पुरते.

माझ्या सासूबाईंना क्षयरोग झाला तेव्हा सगळ्यांना त्यांच्या फुप्फुसांची काळजी होती. कानांची कुणालाच नव्हती, कारण तेवढे तिखट कान अख्ख्या गल्लीत नव्हते. मी गच्चीवर जाऊन बहिणीशी फोनवर कुजबुजले, तरी संध्याकाळी भाकरी थापताना त्या विचारायच्या, "काय म्हणत व्हती बहीण? सासू लय तरास देती?" त्या सिन्नरकडच्या. आडून बोलणं त्यांना माहीत नाही.

स्वयंपाकही त्या कानांनीच करायच्या. अंगणात गहू निवडत बसलेल्या असायच्या आणि तिथून कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. मी ओट्यापाशी उभी असले तरी "बंद कर" हा हुकूम अंगणातूनच यायचा. माझ्या मोजणीवर त्यांचा विश्वास नव्हता. गणितात पदवी घेतलेल्या सुनेला याहून मोठा मान काय मिळणार!

क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांनी त्यांना कावीळ झाली. डॉक्टरांनी काही गोळ्या थांबवल्या आणि यकृत ताळ्यावर येईपर्यंत दुसऱ्या औषधांबरोबर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू केली. त्याआधी रक्त तपासलं, कान तपासले. मग आम्हा तिघांना, म्हणजे सासूबाई, माझा नवरा आणि मला, समोर बसवून बजावलं, "औषध चांगलं आहे, पण ते कानाला आणि किडनीला बाधू शकतं. कानात आवाज येऊ लागला, कमी ऐकू आलं, तोल जायला लागला, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी या. गुडघ्याची गोळीसुद्धा मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही." आम्ही माना डोलावल्या. मान डोलावण्यात आमचं घराणं पटाईत आहे.

काही दिवसांनी सकाळच्या चहाला सासूबाई म्हणाल्या, "कानात रातकिडा बसल्यावानी वाटतंय."

त्या आठवड्यात सराव जोरात होता. नवरा ओझरच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांच्या घरघरीत असतो, त्यामुळे कान या विषयावर घरात त्याचाच शब्द चालतो. त्याने विचारलं, "आई, तोफ ऐकू येते ना तुला?"

"येती की."

"मग कान ठणठणीत आहेत."

पुढे ती रोजची परीक्षाच झाली. लांब तोफ धडाडली की सासूबाई आपणहून "आली" म्हणायच्या आणि आम्ही त्यांना पास करायचो. त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या, तर आम्ही म्हटलं, अशक्तपणा. डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग वरण करपलं. दुसऱ्यांदा करपलं तेव्हा आरोप माझ्यावर आला: मी कुकरला कसली तरी स्वस्तातली रिंग बसवली होती म्हणे. "याला आवाजच नाय राह्यला," असं म्हणून त्यांनी अंगणातला मुक्काम हलवला आणि कुकरवर पहारा द्यायला त्या ओट्याशी येऊन उभ्या राहू लागल्या.

एका सकाळी त्या तशाच कुकरशेजारी कोथिंबीर निवडत होत्या. शिटी इतकी कर्कश झाली की बाहेर झोपलेलं कुत्रं उठून बसलं. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, अजून एक बी शिटी नाय."

तेवढ्यात लांबवर तोफ धडाडली.

"आली," त्या म्हणाल्या.

मी तडक नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मग आजचं इंजेक्शन चुकवू, रविवारी दाखवू." मी म्हटलं, चुकवायचं की द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, आणि ते आजच. ज्या कानांपायी मला स्वतःच्या घरात चोरासारखं बोलावं लागायचं, ते वाचावेत म्हणून मी रिक्षात देवाचा धावा करत होते. देवही चक्रावला असेल.

काचेच्या खोलीत त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजांना त्या पटापट दाबत होत्या. मग बारीक आवाज सुरू झाले असावेत, कारण त्यांचं बोट बटणावर नुसतंच टेकून राहिलं. त्या आज्ञाधारकपणे वाट बघत होत्या.

"या औषधाने आधी बारीक आवाज जातात," डॉक्टर म्हणाले. "तोफ तर शेवटपर्यंत ऐकू येईल." त्यांनी इंजेक्शन थांबवून औषधं बदलली. क्षयाचा उपचार मात्र चालूच राहणार होता. "गेलंय ते परत येणार नाही. आहे ते टिकेल, अशी आशा आहे. थोड्या आधी यायला हवं होतं."

परतताना मी विचारलं, "आई, रोज इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरला तरी सांगायचं होतं कान वाजतायत म्हणून."

"देवळालीत कान वाजत्यात हे काय सांगायचं? हसली असती ती."

फुप्फुसं पुढे स्वच्छ झाली. आता माणसांचं बोलणं त्यांना कळतं, त्यांच्याविषयीचं जरा जास्तच. दारावरची घंटा आणि कुकर मात्र गेले ते गेलेच.

बरेच दिवस त्या स्वयंपाकघरात कुकरकडे पाठ करून बसायच्या. मग एकदा उठून ओट्याशी आल्या, गॅसच्या बटणावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती झाल्या?"

"तीन," मी म्हटलं.

त्यांनी गॅस बंद केला. माझ्या मोजणीवर, लग्नानंतर पहिल्यांदाच. या दिवसाची मी किती वर्षं वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा मला रडू आलं.