ओट्यावरून आत

मी पदवीधर झालो तो माझ्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांमुळे. माझे खेडे हायस्कुलापासून लांब, म्हणून सरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. सर महानुभाव पंथाचे. काळी वस्त्रे नेसलेल्या तपस्विनी त्यांच्याकडे मुक्कामाला येत, मराठीतून निरूपण करीत. आल्यागेल्याला सर "दंडवत प्रणाम" म्हणत. गावातली पोरे त्याची नक्कल करीत. आई मला भेटायला यायची ती ओट्यावरच बसायची. गाव त्या पंथाला पाखंडी म्हणे, म्हणून त्या घरचे पाणी ती घेत नसे.

पुढे रेल्वेत नोकरी लागली आणि मी बंगालात, गार्डन रीचच्या कचेरीत आलो. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास संध्याकाळच्या वर्गात इतिहासाचे एम. ए. करू लागलो. चर्चेच्या तासाला माझे तोंड उघडत नसे, इंग्रजी अडखळायचे. मला पाहिले की कोणीतरी म्हणे, "एशो, मौनीबाबा!" या, म्हणून. शेवटी प्राध्यापकांनी बजावले, "पुढच्या तासाला बोलला नाहीत तर परीक्षेला बसू देणार नाही."

त्या तासाचा विषय होता दक्षिण फ्रान्समधल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवरचे धर्मयुद्ध. पोपने त्यांना पाखंडी ठरवले, उत्तरेचे सरदार सैन्य घेऊन उतरले, माणसे जाळली. पुढे त्या मुलखातली दरबारी कविताही ओसरत गेली. एकाने टिपण वाचले: हे लोक काळे कपडे घालत, मांस खात नसत, त्यांच्यात बायकाही उपदेश करीत.

"अद्भुत लोक!" तो हसला.

"अद्भुत काय त्यात?" मी उभा राहिलो होतो. इंग्रजी, हिंदी, मोडके बंगाली, सुचेल त्यात सांगत गेलो. अशा घरात मी वाढलो. तिथल्या तपस्विनी चुलीपाशी बसून माझे पाठांतर ऐकत. त्या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपले.

प्राध्यापकांनी विचारले, "तुमच्या घरचे त्यांच्याकडे पाणी पीत?"

"नाही."

"मग तेच लिहा. सैन्य येण्याच्या आधी काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. परीक्षेला बसा."

मागून आवाज आला, "मौनीबाबा, एबार थामो!" आता पुरे, म्हणून. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पत्र लिहिले:

"ती. सरांना दंडवत प्रणाम.

हा प्रणाम मी पहिल्यांदाच करतो आहे. परीक्षेला बसायची परवानगी मिळाली, ती तुमच्या घराविषयी बोललो म्हणून. पण तपस्विनी निरूपणात काय सांगत, ते वर्गात सांगता आले नाही. मी कधी विचारलेच नव्हते. रजा मिळाली की येतो. ते मला सांगा. आईलाही आणतो. या खेपेला तिला ओट्यावर बसू देणार नाही."